गवताला विचारून सांगतो

आमचे साडूभाऊ मूळचे लातूरकडचे. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, त्या लातूरचे. लहानपणी टँकरमागे घागर घेऊन पळालेला माणूस चार पैसे जमल्यावर काय घेईल? कोणी सोनं घेतं, कोणी शेत घेतं. साडूभाऊंनी पाणी घेतलं. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ, इंडियन रिव्हरच्या काठी, मागच्या दारी सूर्य उगवतो असं घर.

आता ही इंडियन रिव्हर नदी नाही आणि आपल्या अर्थाने इंडियनही नाही. समुद्राला समांतर पसरलेलं ते सुमारे 250 किलोमीटर लांबीचं खारं, उथळ सरोवर आहे आणि नावातले इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी. साडूभाऊंचं घर ज्या पट्ट्यात येतं त्याचं सरकारी नाव मात्र ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं: ‘इंडियन रिव्हर, मलबार ते व्हिरो बीच जलीय संरक्षित क्षेत्र’. मलबार नावाचं गाव खरंच आहे तिथे. घर दाखवणाऱ्या दलालाने ‘इंडियन’ आणि ‘मलबार’ हे दोन शब्द ठणकावून उच्चारले होते. ‘संरक्षित’ हा शब्द खोकल्यातून आला.

घर झालं, मागे हिरवळ झाली, हिरवळ संपते तिथे पाणी. उणीव एकच, डॉक नव्हता. पाण्यात शिरणारा लाकडी धक्का, त्याच्या टोकाला दोन खुर्च्या, संध्याकाळी चहा. साडूभाऊंची महत्त्वाकांक्षा यापलीकडे कधीच गेली नाही. बोट त्यांच्याकडे नव्हती. बोट त्यांना लागते.

डॉक बांधणारा कंत्राटदार आला. त्याने घर पाहिलं नाही, काठ पाहिला नाही, सरळ पाण्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, “खाली गवत आहे का?”

“मला काय माहीत?”

“मग आधी गवताला विचारावं लागेल,” तो म्हणाला. साडूभाऊंना तो विनोद वाटला. अमेरिकन माणूस विनोद करताना हसतो आणि हा हसत नव्हता, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

पहिला मुद्दा मालकीचा. घर साडूभाऊंचं, हिरवळ साडूभाऊंची, पण सरासरी भरतीच्या रेषेपलीकडचा चिखल राज्याचा. 3 मार्च 1845 रोजी फ्लोरिडा संघराज्यात दाखल झालं तेव्हा असल्या पाण्याखालची जमीन राज्याला जनतेची ठेव म्हणून मिळाली. तिचं विश्वस्त मंडळ म्हणजे खुद्द गव्हर्नर आणि त्यांचं मंत्रिमंडळ. म्हणजे साडूभाऊंच्या मागच्या दारच्या चिखलाला जे विश्वस्त लाभले आहेत ते आमच्याकडच्या एखाद्या देवस्थानाला मिळायचे नाहीत. त्यामुळे राज्याला दोनदा विचारावं लागतं. एकदा सरकार म्हणून, पर्यावरणाचं काय होईल ते. आणि एकदा जागामालक म्हणून, आमच्या जागेत खांब रोवू का ते.

यात एक सूट आहे. अशा संरक्षित पाण्यात 500 चौरस फुटांच्या आतला डॉक असेल तर सरकार म्हणून सरकारचा परवाना लागत नाही. साडूभाऊंनी हे वाचलं आणि पेढे वाटण्याच्या बेताला आले. पण सूट सरकारने दिली होती, जागामालकाने नाही. शिवाय सूट लागू आहे असं लेखी घेतलेलं बरं, असं कंत्राटदाराचं मत पडलं. परवाना लागत नसल्याचा दाखला! हे ऐकून मला इतकं भरून आलं की क्षणभर मी आमच्या तहसील कचेरीतच उभा असल्याचा भास झाला.

मग लष्कर. अमेरिकेत जहाजं जाऊ शकतील अशा पाण्यात काहीही उभं करायचं तर लष्कराच्या अभियंत्यांच्या दलाची मंजुरी लागते. कायदा 1899 चा आहे. म्हणजे टिळक राजद्रोहाच्या पहिल्या तुरुंगवासातून सुटून वर्षही झालं नव्हतं, तेव्हाच वॉशिंग्टनमध्ये कोणीतरी साडूभाऊंच्या चहाची तरतूद करून ठेवली होती. फ्लोरिडाचा कारभार जॅक्सनव्हिलहून चालतो आणि तिथला प्रमुख हुद्द्याने कर्नल असतो. लष्कराच्या शिक्क्याचं पाकीट घरी आल्याचं साडूभाऊ फोनवर सहज बोलून गेले, तर लातूरहून त्यांच्या आईचा आवाज एकदम चढला, “का रं, मिल्ट्रीचा कागद कशाला आला? काय केलास तू?”

“काही नाही गं आई, मागे बसायला फळ्या टाकायच्यात.”

“फळ्या टाकायला मिल्ट्री?” माउलीचा विश्वास बसला नाही. तिने त्या आठवड्यात मारुतीला तेल वाहिलं.

आता ती सरासरी भरतीची रेषा कुठली? मला वाटलं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि त्या वेळी काठावर उभं राहिलं की पाणी कुठवर आलं ते दिसतं. आमच्या कोकणात एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या लोटल्या. तिथे मात्र ही रेषा 19 वर्षांच्या भरत्यांची सरासरी काढून ठरते आणि परवानाधारक मोजणीदार येऊन ती आखून देतो. 19 वर्षं का, तर चंद्राच्या कक्षेचा फेरा 18.6 वर्षांचा असतो. थोडक्यात, साडूभाऊंच्या परवान्यात चंद्राचाही जबाब घेतलेला होता.

शेजाऱ्यांचा मुद्दा तर लातूरकराच्या वर्मावरच बोट ठेवणारा. गावाकडे चुलत्याने बांध कोरला म्हणून दोन पिढ्या कोर्टात गेल्या, त्या कटकटीतून सुटायला हा माणूस साता समुद्रापलीकडे आला. आणि इथे पाण्यातसुद्धा बांध! दोन घरांमधली हद्द काठावर थांबत नाही, ती मुख्य खोल पाण्याच्या दिशेने अदृश्यपणे पुढे जाते, आणि तिच्यापासून डॉक 25 फूट आत ठेवावा लागतो. “पण हा बांध कोरता येत नाही ना,” मी धीर दिला. “तीच तर अडचण आहे,” साडूभाऊ म्हणाले. शेजारी सज्जन निघाला. त्याने लेखी कळवलं की त्याची काही हरकत नाही, फक्त त्याच्या कुत्र्याला डॉकवर यायची सवय आहे, तेवढं चालवून घ्या.

यानंतर नकाशा. चालायचा भाग 4 फुटांहून रुंद नको. टोकाचा चौथरा 160 चौरस फुटांहून मोठा नको. गवतावरून जाणार असेल तर भरतीच्या रेषेपासून निदान 5 फूट उंच हवा. फळ्या 8 इंचांहून रुंद नकोत आणि दोन फळ्यांत अर्ध्या इंचाची फट हवी, तीही लाकूड आटल्यानंतरची. हे ‘आटल्यानंतरची’ ज्याने लिहिलं त्या अज्ञात बाबूला माझा साष्टांग नमस्कार. त्याने कधीतरी ओल्या लाकडाच्या फटी मोजून फसलेला एखादा साडूभाऊ पाहिला असणार. फळ्या नको असतील तर जाळीदार पत्रे बसवा, पण त्यांचा किमान 43 टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे ऊन खाली जाईल. आमच्या घरची भाजणीची चाळणी मी नंतर मुद्दाम उजेडात धरून पाहिली, ती पास होईलसं वाटलं.

ही सारी धडपड सावलीसाठी. डॉकची सावली गवतावर पडू नये, पडली तर एका जागी बसू नये. अभ्यासकांना असंही दिसलं आहे की डॉक उत्तर-दक्षिण असेल तर दिवसभरात सावली सरकत जाते आणि गवत तगतं. पूर्व-पश्चिम असेल तर सावली तिथेच ठाण मांडते. माझी मेहुणी इथे चर्चेत उतरली. तिने पुण्याच्या वास्तुतज्ज्ञाला विचारलं होतं आणि त्याने पूर्वाभिमुख डॉक परम लाभदायक असल्याचं कळवलं होतं. काठ पश्चिमेला, पाणी पूर्वेला, त्यामुळे डॉक पूर्वेकडेच जाणार होता, त्यात वास्तूचं कर्तृत्व शून्य. पण एकाच डॉकला माणसाची वास्तू उत्तम आणि गवताची वाईट, हा योग मी प्रथमच पाहिला. शेवटी उंचीवर तडजोड झाली. गवताच्या वास्तुशास्त्रात दिशेहून उंचीला गुण जास्त आहेत.

अर्जात एक साधा प्रश्न असतो, डॉक कशासाठी? साडूभाऊ प्रामाणिक. ते ‘चहा’ लिहायला निघाले होते. कंत्राटदाराने हात धरला. इथे पाण्यावर फक्त तेच करता येतं जे पाण्याशिवाय होऊच शकत नाही. बोट बांधणं, मासे धरणं वगैरे. चहा जमिनीवरही पिता येतो. “मग बोट लिहू?” बोट लिहिली तर तिचा तळ पाण्यात किती बुडतो ते सांगा, कारण ओहोटीच्या वेळी तळ आणि गवताचा शेंडा यांत किमान फूटभर अंतर हवं. पाणी उथळ. अंतर हवं तर डॉक लांब न्या, लांब नेला तर 500 चौरस फूट ओलांडले, ओलांडले की सूट गेली. साडूभाऊंनी रात्री जेवणाच्या टेबलावर हे गणित मांडलं. चौथऱ्याचे 160 वजा केले, उरले 340, रुंदी 4, म्हणजे लांबी 85 फूट. 85 फुटांवर पाणी कमरेएवढं. कमरेएवढ्या पाण्यात काय तरंगेल? शेवटी बोट लागणाऱ्या माणसाने वल्ह्याची एक पिवळी कयाक विकत घेतली. ती पाण्यात जेमतेम वीतभर बुडते आणि गॅरेजमध्ये तर अजिबात नाही.

आता गवत. इतका वेळ ज्याच्या नावाने सगळे हात जोडत होते त्याला भेटायचा दिवस आला. ही मोजणी फक्त 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात धरली जाते, कारण तेव्हा गवत वाढीला लागलेलं असतं. ऑक्टोबरात जाग आली तर पुढल्या जूनपर्यंत झोपा. मी नेमका उन्हाळ्यात तिथे होतो. एक तरुण जीवशास्त्रज्ञ बाई आली. पाठीवर पिशवी, हातात पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा एक मीटरचा चौकोन, मनगटाला बांधलेली पाटी आणि पेन्सिल. नळी तोंडात धरून ती पालथी झाली आणि चौकोन तळाशी ठेवून त्यातलं गवत मोजू लागली. मोजलं की पाटीवर आकडा, मग चौकोन पुढे. पाण्याखाली पेन्सिल चालते हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही काठावर दोन्ही साडू हातात कप घेऊन उभे. मध्येच तिचं डोकं वर आलं, पाटीवर काहीतरी चिकटलेलं होतं. नखाएवढी हिरवी पानं, जोडी-जोडीने उगवलेली, मेथीच्या कोंबासारखं म्हणावं तर त्याहून नाजूक. “हे बघा,” ती म्हणाली, आणि आवाजात अशी अदब की आम्ही कप खाली ठेवले.

त्या पानाची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. हे जॉन्सनचं सागरी गवत. जगात फक्त फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या पट्ट्यात सापडतं, असं मानत. 1998 मध्ये त्याला संकटग्रस्त म्हणून केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि तो मान मिळवणारी ती समुद्रातली पहिली वनस्पती. विचित्र गोष्ट अशी की त्याची मादी फुलंच तेवढी सापडत. नर फूल कोणी पाहिलंच नाही. बी नाही, संसार नाही, नुसतं मुळांनी पसरत जाणं. संशोधकांनी जनुकं तपासली तेव्हा उलगडा झाला. हे स्वतंत्र गवत नव्हेच. हिंदी-प्रशांत महासागरातलं, भारताच्या किनाऱ्यावरही आढळणारं हॅलोफिला ओव्हॅलिस हे गवत कधीतरी तिकडे पोचलं आणि त्या एकाच रोपाच्या प्रती सगळीकडे पसरल्या. 2022 मध्ये त्याचं संकटग्रस्तपण काढून घेण्यात आलं.

ही बातमी साडूभाऊंनी मला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा त्यांचा आवाज कातर झाला होता. “अहो, म्हणजे हे आपलंच! एकटं आलं, इथेच पसरलं, चोवीस वर्षं कागदपत्रं चालली, आणि मग म्हणाले, तुझी श्रेणी चुकली.” ग्रीन कार्डासाठी स्वतः काढलेली वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावीत. त्या दिवसापासून ते त्या गवताचा उल्लेख ‘ते’ असा न करता ‘आपला माणूस’ असा करतात. परवान्याच्या दृष्टीने मात्र या शोधाचा उपयोग काही झाला नाही. केंद्राने गवताचं पद काढलं, पण राज्याचे नियम कुळ विचारत नाहीत. गवताचा पट्टा दिसला की तो जपायचा, मग तो देशी असो की स्थलांतरित. माणसांच्या बाबतीत इतकं उदार धोरण मी कुठल्याच देशाचं पाहिलेलं नाही.

मंजुऱ्या यथावकाश आल्या. कौंटीचा बांधकाम परवाना त्यात सर्वांत साधा निघाला, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. बांधकाम सुरू झालं आणि पहिल्याच सकाळी मॅनेटी आली.

मॅनेटी म्हणजे समुद्रगाय. चारशे-पाचशे किलोचा, राखाडी, मिशाळ, अत्यंत सभ्य प्राणी. नियम असा की ती कामापासून 50 फुटांच्या आत आली की यंत्रं बंद. ती आपणहून निघून जाईपर्यंत बंदच. ती दिसेनाशी झाली तर अर्धा तास वाट पाहायची आणि मगच हात लावायचा. तिला हुसकवायचं नाही, वाट दाखवायची नाही, हाड्‌ म्हणायचं नाही. मजूर डबे उघडून बसले. साडूभाऊ त्यातले अनुभवी. लातूरच्या गंजगोलाईत मधोमध बसलेल्या गाईपुढे अख्खी रहदारी थांबलेली त्यांनी पाहिलेली. त्यांना कळेना एवढंच, की दारी आलेल्या पाहुणीला पाणी तरी विचारू नये का? तिला गोडं पाणी आवडतं, नळाच्या नळीला ती तोंड लावते. पण तिला खाऊ घालणं किंवा पाणी पाजणं बेकायदा आहे. टँकरच्या गावच्या माणसाला हा नियम पाळताना काय वाटलं असेल? ते नळ घट्ट बंद करून घरात जाऊन बसले.

हे सगळं वाचून तुम्हाला हसू येत असेल. मलाही येत होतं. मग मी 2021 सालची हकिकत वाचली. त्या एका वर्षात फ्लोरिडात 1,100 मॅनेटी मेल्या. बऱ्याचशा याच इंडियन रिव्हरमध्ये, आणि बोटींखाली नव्हे, तर उपाशी. गवत संपलं होतं. त्या हिवाळ्यात सरकारने केप कनॅव्हेरलजवळ वीजकेंद्रातून कोमट पाणी सोडतात तिथे 90 टनांहून अधिक लेट्यूस त्यांना टाकलं. ज्या प्राण्याला घोटभर पाणी पाजणं गुन्हा, त्याच्यासाठी सरकारनेच छावणी उघडली. चारा छावणी म्हटल्यावर साडूभाऊ बराच वेळ बोलले नाहीत.

आणि गवत संपलं कशाने? डॉकच्या सावलीने नव्हे. सेप्टिक टाक्यांतून झिरपलेलं, सांडपाण्यातून आलेलं आणि बागांवरून वाहून आलेलं नत्र खाऊन पाण्यात शेवाळ माजलं. 2011 पासून पुढल्या आठ-दहा वर्षांत इथलं निम्म्याहून अधिक सागरी गवत गेलं. शेवाळाने सबंध सरोवरावर सावली धरली. अर्ज नाही, नकाशा नाही, 43 टक्क्यांची फट नाही, कर्नलला पत्र नाही.

इथे मला साडूभाऊंच्या घरचं दुसरं गवत दिसायला लागलं. मागची ती हिरवळ! सेंट ऑगस्टीन जातीचं ते गवत पिवळं पडलं की सोसायटीची चिठ्ठी येते. हिरवं ठेवायचं तर खत. खताला तिथे 1 जून ते 30 सप्टेंबर बंदी आहे, म्हणजे खालचं गवत मोजायचे महिने आणि वरच्याला उपाशी ठेवायचे महिने तेच. उरलेले आठ महिने मात्र वरचं गवत पोटभर जेवतं आणि उष्टं खाली सोडतं. एक गवत जगावं म्हणून फळीची फट आटल्यानंतर मोजतात, आणि दुसरं गवत मिरवावं म्हणून त्याच पाण्यात नत्र जातं. सेप्टिक टाक्यांचा नंबर आता लागला आहे: 2023 च्या कायद्याने या भागातल्या टाक्या 1 जुलै 2030 पर्यंत गटाराला जोडायच्या किंवा सुधारून घ्यायच्या आहेत. माझं स्पष्ट मत असं की क्रम उलटा हवा होता. आधी टाकी, मग खत, मग फळी. पण फळी दिसते, टाकी दिसत नाही. आणि सरकार कुठलंही असो, दिसेल त्यालाच आधी धरतं.

मी हे सगळं आमच्या कोकणातल्या मामाला सांगितलं. त्याच्या घरापुढे खाडी आहे, खाडीत खारफुटी आहे, आणि 1991 पासून किनाऱ्यावरच्या बांधकामाला बंधनं घालणारा सीआरझेड आहे. मामा शांतपणे म्हणाला, “तुझा साडू आधी विचारायला गेला, तिथेच फसला. आमच्याकडे आधी गडगा घालतात, मग विचारतात.” मग जरा थांबून म्हणाला, “गवत आमच्यात कोणी मोजलं नाही. मोजलं असतं तर कळलं असतं, किती गेलं ते.”

साडूभाऊंचा डॉक उभा आहे. पाण्यावर बसायचं म्हणून बांधला तो पाण्यापासून 5 फूट उंच आहे. तिथे वारा इतका की चहा दुसऱ्या घोटाला गार होतो. जाळीतून आजवर घरातले निम्मे चमचे खाली गेले आहेत, आणि ते काढायला गवतात पाय टाकायची त्यांची हिंमत होत नाही. शेजारच्या कुत्र्याला मात्र जागा पसंत आहे.

फ्लोरिडात पाण्याकाठचं घर बघायला निघालेल्या मराठी मंडळींनी दलालाचे फोटो बघत बसू नये. जूनमध्ये जावं, नळी लावून स्वतः पाण्यात डोकं घालावं. खाली गवत दिसलं तर घर अवश्य घ्यावं आणि चहा हिरवळीवर प्यावा. फक्त त्या हिरवळीला खत घालू नये.